राणीछाप रुपया

१८३५ सालीं ठरलेला रुपया शंभर वर्षें तसाच राहिला: वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडलें, तसे लोक नोटा मोडून रुपये घरीं नेऊं लागले. गरजेपेक्षां अधिक नाणीं जमविणें सरकारनें गुन्हा ठरविलें; एक रुपयाची नोट काढली; वर्षअखेर नव्या रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली. परिणाम व्हायचा तोच झाला. नवा रुपया बाजारांत फिरे, जुना पेटींत जाई. दोहोंचें मोल कायद्याला सारखें असेल, सराफाला कसें असावें? ३१ मार्च १९४१ नंतर राणीछाप रुपया चलनांतून गेला. लक्ष्मीपूजनाच्या तबकांत मात्र तो पुढेंही दिसत राहिला.