मोटारगाडीतील सुकाणू-दोष व कंपने

मोटारगाडीची दिशा बदलणाऱ्या यंत्रणेत झीज, ढिलेपणा वा जुळणीतील फरक यांमुळे उत्पन्न होणारे दोष आणि चाकांपासून चालकाच्या हातापर्यंत पोहोचणारी कंपने यांचा येथे ऐतिहासिक दृष्टीने परामर्श घेतला आहे. वापरलेल्या बंद प्रवासी गाडीत, म्हणजे सेडानमध्ये, आढळणाऱ्या तक्रारी साधारणतः चार प्रकारच्या असतात : ठराविक वेगास सुकाणूचक्र थरथरणे, गाडी एका बाजूस ओढली जाणे, चक्र काही अंश फिरवले तरी चाके न वळणे, आणि चक्र जड होणे. यांपैकी बहुतेक दोष मोटारगाडीच्या इतिहासात एकेकाळी नव्या गाडीतही होते. अभियंत्यांनी ते एकामागून एक दूर केले. सांधे, रबरी बुश, आघातशोषक व टायर झिजू लागले की, त्या उपायांचा प्रभाव ओसरतो आणि जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. म्हणून या दोषांचे निदान करताना त्यांचा इतिहास उपयोगी पडतो.

सुकाणूचा प्रारंभ : घोड्याच्या बग्गीत पुढचा संपूर्ण आस मध्यावरील एका खिळीभोवती फिरत असे. अशा वळणात आधाराचा पाया अरुंद होऊन बग्गी कलंडण्याचा धोका असे. म्यूनिकचा बग्गी-कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने १८१६ च्या सुमारास आस स्थिर ठेवून दोन्ही टोकांची चाके स्वतंत्र खिळींभोवती वळविण्याची योजना केली. लंडनमधील प्रकाशक रूडोल्फ आकरमान याने तिचे इंग्लंडमधील एकस्व १८१८ मध्ये घेतले आणि ती त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली. वळणात आतील चाक लहान वर्तुळात व बाहेरील चाक मोठ्या वर्तुळात फिरते. त्यामुळे दोन्ही चाके सारख्याच कोनातून वळली, तर टायर रस्त्यावर घासत जातात. फ्रेंच बग्गी-कारखानदार शार्ल झांतो याने १८७८ मध्ये या भूमितीत सुधारणा केली. तत्पूर्वी १८७३ मध्ये आमेदे बोले याने आपल्या वाफेच्या गाडीत पुढील चाके स्वतंत्रपणे वळविण्याची सोय केली होती.

कार्ल बेंट्स याची १८८६ ची गाडी तीनचाकी होती. चारचाकी गाडीच्या सुकाणूचा समाधानकारक उपाय त्याला तोवर सापडला नव्हता. तो १८९३ मध्ये सापडल्यावर त्याने त्याचे एकस्व घेतले. आरंभीच्या गाड्या नावेप्रमाणे दांड्याने वळवीत. दांड्यावर चाकांचे धक्के थेट हातास बसत आणि वेग वाढताच तो हातातून निसटण्याची भीती असे. १८९४ च्या पॅरिस–रूआन स्पर्धेत आल्फ्रेद व्हाशरों याने आपल्या पानार गाडीस चक्र बसविले, ही चक्राच्या वापराची पहिली प्रसिद्ध नोंद होय. पुढे चक्र व चाके यांच्यामध्ये वर्म व दंतखंड यांची जोडी आली. तिच्यामुळे चालकाचे बळ अनेकपटींनी वाढले व रस्त्याचे धक्के सौम्य झाले. मात्र दंतयोजनेबरोबर फट आली व फटीबरोबर सुकाणूचा ढिलेपणा, म्हणजे गॅरेजांतील कारागीर ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो दोष, कायमचा चिकटला.

फडफडीचा प्रश्न : पहिल्या महायुद्धानंतर रस्ते सुधारले व वेग वाढले. १९२३ पासून अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने कमी दाबाचे रुंद ‘बलून’ टायर प्रचारात आणले. त्यांतील हवेचा दाब पूर्वीच्या टायरच्या सुमारे निम्मा असल्याने प्रवास अधिक सुखाचा झाला. याच दशकात पुढील चाकांनाही ब्रेक बसू लागले व गाडी कमी अंतरात थांबू लागली. या दोन्ही सुधारणा स्वागतार्ह होत्या. परंतु त्यांच्या संयोगाने एक विलक्षण उपद्रव उद्‌भवला. विशिष्ट वेगास पुढील चाके आपोआप डावी-उजवीकडे फडफडू लागत, चक्र हातांना हिसके देई आणि चालकाने गाडी जवळजवळ थांबविल्याशिवाय ही फडफड शमत नसे. त्या काळी लोकप्रिय असलेल्या एका नृत्यप्रकारावरून तिला ‘शिमी’ हे नाव पडले.

तिचे कारण अखंड आसाच्या रचनेत होते. वेगाने फिरणारे चाक भोवऱ्यासारखे वागते. एक चाक उंचवट्यावर चढले की, आस तिरपा होतो. या कलण्यास चाक प्रतिसाद देते, तो मात्र उभ्या खिळीभोवती वळून. दोन्ही चाके जोडदांड्याने बांधलेली असल्याने दुसरेही वळते. ते वळणे पुन्हा आसास विरुद्ध दिशेस कलविते. चक्र सुरू राहण्यास लागणारी ऊर्जा गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीतून मिळत राहते. ब्रेकच्या वजनाने चाकांची निरूढी वाढली होती आणि बलून टायर आडव्या दिशेने अधिक लवचिक होते. त्यामुळे नैसर्गिक कंप्रता कमी होऊन ती नेहमीच्या वेगांच्या कक्षेत आली.

फ्रेंच अभियंता झॉर्झ ब्रूल्ये याने १९२५ मध्ये या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. टायरवर आडवी प्रेरणा पडली असता तो ज्या दिशेस तोंड करून असतो, तिच्याशी थोडा कोन करून पुढे जातो, हे त्याने त्यात मांडले. आज स्खलन-कोन म्हणून ओळखली जाणारी ही कल्पना पुढील सर्व वाहन-गतिशास्त्राचा पाया ठरली. थरथरणाऱ्या चाकाचे कारण शोधताना गाडी मुळात वळते कशी, याचा उलगडा झाला, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना होय.

स्वतंत्र चाके : इटलीत लान्चा लांब्दा या गाडीने १९२२ मध्येच पुढील चाके अखंड आसावाचून स्वतंत्रपणे बसविली होती. रोल्स-रॉइसमध्ये अनुभव घेतलेला इंग्रज अभियंता मॉरिस ऑली १९३० मध्ये कॅडिलॅक कंपनीत दाखल झाला. त्याच्या प्रयोगांतून जनरल मोटर्सच्या १९३४ च्या गाड्यांत स्वतंत्र पुढील चाकांची योजना आली. एका चाकाच्या उसळीने दुसरे कलणे बंद झाले, भोवऱ्याच्या परिणामाची साखळी तुटली आणि पुढील स्प्रिंगा मऊ करता आल्या.

या सुधारणेने दोषाचे ठिकाण मात्र बदलले. एका आसाच्या जागी आता दोन्ही बाजूंना भुजा, बॉल जॉइंट, रबरी बुश व अनेक तुकड्यांचे जोडदांडे आले. यांपैकी प्रत्येक सांधा झिजण्याची एक नवी जागा होता. सुकाणूपेटीतही फरक झाला : सित्रोएनने १९३६ मध्ये व मॉरिस मायनरने १९४८ मध्ये रॅक व पिनियन ही साधी, कमी सांध्यांची जोडी वापरली. १९४९ मध्ये मिशलँ कंपनीने अरीय टायर बाजारात आणले. त्यांची रस्त्यावरील पकड चांगली होती, परंतु आतील पट्टा सरकला की, चाक मंद वेगातही डुलू लागे. फडफडीचा गणिती अभ्यास विमानांच्या चाकांच्या निमित्तानेही झाला आणि नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथील हान्स पासेका याने १९६६ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला.

असंतुलन : सुकाणूचक्राची प्रत्येक थरथर म्हणजे शिमी नव्हे. आज बहुधा आढळणारी थरथर असंतुलनाने होते. चाकाच्या एका बाजूस, अक्षापासून १८ सेंमी. अंतरावर, केवळ ३० ग्रॅ. वजन अधिक आहे असे मानल्यास, ३० सेंमी. त्रिज्येच्या टायरवर ताशी ८० किमी. वेगास सुमारे ३ किग्रॅ. भाराएवढी केंद्रोत्सारी प्रेरणा निर्माण होते व ती सेकंदास सुमारे १२ वेळा दिशा बदलते. ही प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किमी. वेगास ती एकचतुर्थांशच असते. स्प्रिंग व टायर यांच्यामध्ये चाक उसळण्याची नैसर्गिक कंप्रता साधारणपणे सेकंदास १० ते १५ इतकी असते. दोहोंचा मेळ बसला की, अनुस्पंदन होऊन थरथर शिगेस पोहोचते. ताशी ७० ते १०० किमी. वेगात जाणवणारे कंपन त्यापुढे ओसरल्यासारखे का वाटते, याचे उत्तर येथे मिळते. दोष मात्र गेलेला नसतो.

भारतातील परिस्थिती : स्वातंत्र्यानंतर आयातीवरील निर्बंधांमुळे भारतीय बाजारपेठ अनेक वर्षे मोजक्याच गाड्यांपुरती सीमित राहिली. हिंदुस्थान मोटर्सने १९५७ पासून उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डवर आधारित ॲम्बॅसडर बनविली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली व पुढे तीच प्रीमिअर पद्मिनी झाली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत असल्याने जुन्या गाडीला मोठी मागणी असे आणि एकच गाडी अनेक मालकांकडून फिरत राही. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या.

या दीर्घायुष्यामागे गॅरेजांतील मिस्त्रींचे कसब होते. ते पुढील चाकांची जुळणी दोरी लावून तपासत, वाकलेली रिम ठोकून सरळ करीत आणि खिळी व बुश नव्याने बसवीत. या गाड्यांच्या पुढील सांध्यांस नियमित ग्रीस लागे. ते टळले की, खीळ सुकून सुकाणू जड होई व मग सांधा झिजून ढिला पडे. खड्डे, पावसाळ्यातील चिखल आणि पुन्हा थर चढविलेले टायर यांनी या झिजेस हातभार लावला. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये रॅक-पिनियन, मॅकफर्सन स्ट्रट व पुढील चाकांस चालना ही रचना होती. ती सर्वत्र रूढ झाल्यावर दोरीची जागा हळूहळू अलाइनमेंट व बॅलन्सिंगच्या यंत्रांनी घेतली.

दोषांचे निदान : कंपन कोठे व केव्हा जाणवते, यावरून त्याचे मूळ बहुधा कळते. सुकाणूचक्रातील थरथर पुढील चाकांकडे, तर आसन व तळातील थरथर मागील चाकांकडे किंवा चालक दंडाकडे बोट दाखविते. केवळ ब्रेक लावताना होणारे कंपन तबकडीची असमान जाडी वा ढोलाचा विकेंद्रीपणा सुचविते. पुढील चाकांस चालना असलेल्या गाडीत वेग वाढविताना होणारे कंपन व पूर्ण वळणात येणारी टकटक ही चालक दंडाच्या सांध्यांच्या झिजेची लक्षणे होत. गाडी एका बाजूस ओढली जात असेल, तर प्रथम टायरमधील हवेचा दाब, नंतर अडकलेला ब्रेक व शेवटी चाकांचे कोन पाहावेत. टायरची झीजही बोलकी असते : एकाच कडेची झीज चाकाच्या कलाची, करवतीसारखी झीज चाकांच्या तोंडजुळणीची आणि ठिकठिकाणी पडलेले खळगे निकामी आघातशोषकांचे द्योतक असतात.

विक्रीपूर्वी हे दोष झाकण्याचे उपायही जुनेच आहेत. सुकाणूपेटीचा स्क्रू अधिक आवळल्यास ढिलेपणा नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पण पेटीचा मधला भागच सर्वाधिक झिजलेला असल्याने चक्र कडेला अडकू लागते व वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. झिजलेल्या सांध्याच्या गाडीस नवे टायर बसविल्यास थरथर काही काळ लपते आणि ते टायर अल्पावधीत वाकडे झिजतात. अपघातात वाकलेली चौकट डाव्या व उजव्या बाजूंच्या चाकांमधील अंतरे मोजून उघडकीस आणता येते. यांत खरा धोका थरथरीच्या त्रासाचा नसतो. जोडदांड्याच्या टोकाचा बॉल जॉइंट पूर्ण झिजून खोबणीतून निसटला, तर त्या चाकाचा चक्राशी संबंध तुटतो आणि चालकाच्या हाती काहीच उरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमाने चक्रातील ढिलेपणास ३० अंशांची मर्यादा घातली आहे. ही सहनशीलतेची अखेरची सीमा होय. सुस्थितीतील गाडीत तो याहून पुष्कळच कमी असतो.

आधुनिक काळ : क्रायस्लरने १९५१ मध्ये द्रवचालित साहाय्यक सुकाणू व सुझुकीने १९८८ मध्ये विद्युत् साहाय्यक सुकाणू विक्रीच्या गाडीत आणले. यांमुळे चालकाचे श्रम पुष्कळ कमी झाले. परंतु रस्त्याकडून चक्रामार्फत मिळणारी सूचनाही मंदावली. पूर्वी जो सांधा हातास जाणवून दुरुस्त होई, तो आता वर्षानुवर्षे लक्षात न येता झिजू शकतो. त्यामुळे वापरलेल्या आधुनिक गाडीचे चक्र शांत आहे एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही. ती उचलून प्रत्येक चाक हाताने हलवून पाहण्याची मिस्त्रींची पद्धत आजही आवश्यक आहे.