सुधारणा सांगायची कशी? ‘स्क्वायर’ची कुळकथा

वॉर्डातला संसर्ग आटोक्यात आणणे, औषध देण्यातल्या चुका कमी करणे ही कामे रुग्णालयांत पूर्वीपासून चालत आली. ती लिहायची कशी, याची घडी मात्र फार उशिरा बसली. उपचारांच्या यादृच्छिक चाचण्यांसाठी १९९६ मध्ये ‘कन्सॉर्ट’ नियमावली आली. पण चाचणीत उपचार आधी ठरवून शक्यतो तसाच ठेवतात, तर दर्जासुधारणेत बदल करायचा, आकडे पाहायचे आणि पुन्हा बदल करायचा, असेच चालते. हे काम चाचणीच्या चौकटीत कोंबले की मधली सगळी फेरफाराची हकिकत गळून जाते. १९९९ मध्ये फिओना मॉस आणि रिचर्ड थॉमसन यांनी ब्रिटनमधल्या एका नियतकालिकात अशा अहवालांसाठी निराळी मांडणी सुचवली. २००५ मध्ये अमेरिकेत फ्रँक डेव्हिडॉफ हे मुरलेले संपादक आणि डार्टमथचे पॉल बॅटल्डन यांनी नियमांचा मसुदा मांडला. त्यातून २००८ मध्ये ‘स्क्वायर’ ही नियमावली जन्मली आणि २०१५ मध्ये तिची १८ कलमांची सुधारित आवृत्ती निघाली.

माझ्या मते तिचे मोठे काम एकच: चाचणीवाले जे अडथळा म्हणून बाजूला सारतात, ते स्थळ, ती माणसे, ते वातावरण तिने अहवालाच्या मध्यभागी आणले. याची गरज किती, हे मिशिगनने दाखवले. तिथल्या अतिदक्षता विभागांत पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पथकाने सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी, म्हणजे कॅथेटर) घालताना पाळायच्या पाच गोष्टी ठरवल्या: हात धुणे, अंगभर निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे, जांघेतली शीर शक्यतो टाळणे, गरज संपताच नळी काढणे. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे २.७ असलेला संसर्गाचा मध्यक तीन महिन्यांत शून्यावर आला. २००६ मध्ये हे छापून आले आणि जगाने त्यातून यादी तेवढी उचलली. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवण्याची मुभा नर्सला होती, सामानाची गाडी खाटेजवळ तयार असे, विभाग एकमेकांकडे पाहून शिकत होते. हे मागे राहिले. पुढे इंग्लंडने त्याच धर्तीवर ‘मॅचिंग मिशिगन’ हा कार्यक्रम राबवला. संसर्ग तिथेही उतरला, पण कार्यक्रमात अजून न आलेल्या विभागांतही तसाच उतरत होता! २०११ मध्ये मेरी डिक्सन-वूड्स आणि खुद्द प्रोनोव्होस्ट यांना मिशिगनमध्ये नेमके काय घडले, याची स्वतंत्र मीमांसा लिहावी लागली.

आक्षेप आहेतच. आधीच पिचलेल्या कर्मचाऱ्यांवर आणखी कागदपत्रे कशाला? हा आक्षेप रास्त आहे, पण प्रत्येक लेखात प्रत्येक कलम हवेच असे ‘स्क्वायर’ही म्हणत नाही. सुरुवात का केली, काय केले, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय, एवढे चार प्रश्न तिच्या मुळाशी आहेत. दुसरा आक्षेप, एका वॉर्डाची हकिकत म्हणजे विज्ञान नव्हे. खरे आहे, म्हणूनच हा बदल चालेल असे का वाटले, हा तर्कही ती लेखकाला आधी मांडायला लावते, म्हणजे दुसऱ्याला तो आपल्याकडे तपासता येतो. तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही: नियम पाळून लिहिलेला अहवाल पोकळ कामावरही पांघरूण घालू शकतो. तेव्हा एखाद्या रुग्णालयाने संसर्ग निम्म्यावर आणल्याची बातमी वाचाल, तेव्हा मूळ आकडा किती होता आणि तो आधीपासूनच उतरत होता का, एवढे जरूर विचारा.