बाघचा कलयन विहार

इंदूरकरांना मांडू ठाऊक, महेश्वर तर घरचेच. बाघ म्हटले की मात्र बहुतेकांना छापील चादर आठवते. धार जिल्ह्यातील याच गावाजवळ, विंध्याच्या कुशीत, बाघनी नदीकाठी पाचव्या-सहाव्या शतकांतील बौद्ध विहार आहेत. मूळची लेणी नऊ. शाबूत म्हणावीत अशी पाचच. यंदा विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जाणे झाले.

दुसऱ्या लेण्याला लोक ‘पांडव गुंफा’ म्हणतात. मध्ये खांबांचा मंडप, कडेने भिक्षूंच्या अंधाऱ्या खोल्या, आत स्तूप. पांडवांचा येथे काही संबंध नाही. विहाराचे खरे नाव कळले ते १९२९ साली. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांना याच लेण्यात ताम्रपट सापडला. माहिष्मतीच्या महाराज सुबंधूने ‘कलयन’ विहारास एक गाव दिल्याची ती सनद. इनामांची कागदपत्रे ज्यांच्या घरी आहेत त्यांना तिचा मजकूर परका वाटणार नाही : उत्पन्न कशावर खर्चावे, हे नेमून दिले आहे. बुद्धपूजेची गंध, धूप, फुले; भिक्षूंचे अन्नवस्त्र, अंथरूण, औषध; आणि पडझडीची डागडुजी.

डागडुजीची ही तरतूद मला फार बोलकी वाटली. दगड मऊ वालुकाश्म, त्यावर मातकट थर. पाणी झिरपते, छत ढासळते. कोरणाऱ्यांच्या काळातच हे दुखणे ओळखलेले असावे.

चौथे लेणे ‘रंगमहाल’. याच्या ओसरीच्या भिंतीवर टिपऱ्या खेळणाऱ्या स्त्रियांचा फेर होता, हत्तीघोड्यांची मिरवणूक होती. १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि सुरेंद्रनाथ कर यांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या. बंगाली नावे सर्वांना माहीत. त्यांच्या सोबत ग्वाल्हेरचे आपटे, भोसले, भांड आणि जगताप हेही भिंतीसमोर बसले होते, हे आपण मराठी माणसेही विसरलो. पुढे १९८२ पासून उरलीसुरली चित्रे भिंतीवरून उतरवण्यात आली. आज फेर पाहायचा तर ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयातील प्रतिकृती पाहाव्या लागतात.

एका मुलाने विचारले, “सर, मग इथे पाहायचे काय?” मी त्याला दुसऱ्या लेण्यात परत नेले आणि पुरातत्त्व खात्याने नव्याने बांधलेल्या जाड खांबांवर हात ठेवायला सांगितले. सुबंधूच्या सनदेतले शेवटचे कलम अजून चालू आहे.