‘लॉयल्टी’चे तीन मालक

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. १९१९ साली त्या दिवशी ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून. भाषणांत बोटीची गोष्ट तिथूनच सुरू होते. तेव्हा ती जवळजवळ तीस वर्षांची जुनी होती, हे कुणी सांगत नाही.

१८९० मध्ये इंग्लंडात बॅरो येथे ती पाण्यात उतरली. मालक कॅनेडियन पॅसिफिक कंपनी, नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पण वर्षानुवर्षे ती राबली ती व्हँकुव्हर, योकोहामा, हाँगकाँग या मार्गावर, उतारू, टपाल आणि रेशमाचे गठ्ठे वाहत. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेऊन जखमी सैनिकांसाठी इस्पितळ-बोट केली. साम्राज्यावरची निष्ठा म्हणून नाव ठेवले ‘लॉयल्टी’.

युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली. स्वदेशी कंपनी काढली, तिला सिंदिया म्हटले. बोटीचे नाव मात्र तसेच राहू दिले. आणि बोट सुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध हरताळ!

निष्ठेचे ते नाव धंद्याच्या कामी आले नाही. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली. १९२३ साली सिंदियाला करार पत्करावा लागला : किनारी वाहतुकीपुरतेच राहायचे, बोटी ७५ हजार टनांपर्यंतच ठेवायच्या. त्याच वर्षी ‘लॉयल्टी’ मुंबईत भंगारात निघाली.