ओळींमधली वाट कुणासाठी?

मागच्या वर्षी मी परसात चार फूट रुंद, आठ फूट लांब गादीवाफा केला आणि मुळा पेरला. पाकिटावर लिहिलेलं, दोन रोपांत तीन इंच, दोन ओळींत एक फूट. पट्टी धरून तसंच केलं. चार ओळी, फार तर १२८ मुळे. आणि मधल्या जागेत तण! शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, एवढी वाट कुणाला चालायला ठेवलीस?"

खरं तर ती वाट जनावराची. आपल्याकडे तिफणीने ओळीत पेरतात, म्हणजे पुढे बैलांचं कोळपं फिरतं. इंग्लंडमध्ये जेथ्रो टलने १७०१ च्या सुमारास एकदम तीन ओळी पेरणारं यंत्र केलं. १७३१ च्या पुस्तकात त्याने ओळींत घोड्याचं कोळपं जाईल एवढं अंतर ठेवायला सांगितलं. झाडं मातीचे बारीक कणच खातात अशी त्याची समजूत होती, म्हणून खतापेक्षा कोळपणीवर सगळा भर!

पॅरिसच्या माळ्यांचं उलट होतं. जागा इवलीशी, पण १९व्या शतकातल्या त्या शहरात घोडे अमाप, म्हणून लीदही अमाप. लिदीच्या उबदार वाफ्यात ते मुळा, लेट्यूस, गाजर एकत्रच लावत. मुळा आधी निघे, मग लेट्यूस, तोवर गाजराला जागा झालेली. मोरो आणि दाव्हेर्न या माळ्यांनी १८४५ मध्ये ही रीत पुस्तकात लिहून ठेवली. पुढे मोटारी आल्या, लीद आटली, आणि ती दाट शेतीही मागे पडली.

१९८१ मध्ये मेल बार्थोलोम्यू या अमेरिकन इंजिनिअरच्या पुस्तकाने ओळच पुसून टाकली. वाफ्यावर फूटभराचे चौकोन आखायचे आणि रोपातलं अंतरच सगळीकडून धरायचं. कोबी एका चौकोनात एक, लेट्यूस चार, बीट नऊ, मुळा सोळा. वाफा चार फुटांचा, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. माती तुडवावी लागत नाही.

या हिशेबाने माझ्या वाफ्यात ५१२ मुळे बसले असते! इतके खाणार कोण, ते सोडा. पण इतकी दाटी पोसायला खत हवंच. यंदा मी सुतळीने चौकोन पाडलेत. शेणखताच्या दोन पाट्या काकूंनी दिल्या. बदल्यात एका चौकोनातली मेथी त्यांची.