मय्यत, पंचनामा आणि परभणीच्या दोन माता

आमच्या मोहल्ल्यात मी 'अर्ज लिहून देणारी बाजी' आहे. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून राशन कार्ड, दाखला, वीजबिल असल्या कामांचे कागद घेऊन बायका संध्याकाळी घरी येतात. मागच्या वर्षी एक बाई आल्या. भावाच्या इंतिकालाला पाच महिने झाले होते. हातात घडी पडलेला एक कागद होता आणि त्यावर 'अकस्मात मृत्यू' असे लिहिले होते. त्यांनी विचारले, "बाजी, केस हुई की नई?"

केस झालेली नव्हती. अकस्मात मृत्यूची नोंद म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. मृत्यू कशाने झाला हे पोलिसांनी पाहायचे असते, एवढाच तिचा अर्थ. त्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी 'आमचा कुणावर संशय नाही, चीरफाड नको, मय्यत लवकर द्या' असे लिहून दिले होते. मगरिबच्या आधी दफनही झाले. संशय आला तो चाळीसाव्यानंतर.

त्यांचा अर्ज लिहिताना मला आपल्याच जिल्ह्यातल्या दोन माता आठवत राहिल्या. त्या दोघींचे मुलगे कोठडीत गेले, त्यामुळे या बाईंचे प्रकरण वेगळे. पण प्रश्न तिघींचा एकच होता: माझा माणूस कसा मेला, याचा तपास कोण करणार?

पहिली माता आसिया बेगम. त्यांचा मुलगा ख्वाजा युनूस परभणीचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय २७, नोकरी दुबईत. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला आणि दोन माणसे मेली. सुट्टीवर घरी आलेल्या युनूसला त्या प्रकरणात २५ डिसेंबरला पकडण्यात आले. तेव्हा 'पोटा' कायदा लागू होता. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की त्याला औरंगाबादकडे नेताना अहमदनगर जिल्ह्यात पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. पारनेर ठाण्यात तशी फिर्यादही नोंदवली गेली.

म्हणजे कागदावर युनूस मेला नव्हता, फरार होता. घरच्यांच्या हातात ना मय्यत, ना पंचनामा, ना शवविच्छेदनाचा अहवाल. वडील ख्वाजा अय्यूब मुंबई उच्च न्यायालयात गेले. 'माझ्या मुलाला कोर्टासमोर हजर करा' अशी ती याचिका होती. सहआरोपी डॉ. अब्दुल मतीन यांनी सांगितले की कोठडीत युनूसला कपडे उतरवून पट्ट्याने मारताना आणि रक्ताची उलटी करताना आपण पाहिले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीआयडीकडे गेला. युनूस पळाला नाही, तो कोठडीतच मेला, असा त्या तपासाचा निष्कर्ष निघाला. मृतदेह मात्र आजपर्यंत मिळालेला नाही.

सीआयडीला चौदा पोलिसांवर खटला चालवायचा होता. सरकारने परवानगी दिली ती चौघांपुरती: अधिकारी सचिन वाझे आणि तीन हवालदार. त्यांच्यावर खून आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप आहे. दुसरीकडे, ज्या स्फोटासाठी युनूसला उचलले होते, त्या खटल्यातले आठही आरोपी जून २००५ मध्ये पोटा न्यायालयाने निर्दोष सोडले. युनूस जिवंत असता तर तोही त्याच पिंजऱ्यात उभा असता.

पुढची कहाणी तारखांची आहे. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आसिया बेगम यांना २० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, पण उरलेल्या पोलिसांवर खटला चालवण्याची मागणी मान्य केली नाही. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१८ च्या जानेवारीत, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनी, डॉ. मतीन यांची साक्ष झाली. त्यांनी आणखी चार अधिकाऱ्यांची नावे घेतली. त्यांनाही आरोपी करा, असा अर्ज विशेष सरकारी वकील धीरज मिरजकर यांनी केला आणि थोड्याच दिवसांत त्यांना या खटल्यातून हटवण्यात आले. खटला तिथेच अडकला. जून २०२० मध्ये आरोपी असलेल्या चौघांनाही पुन्हा पोलीस सेवेत घेतले गेले. त्याविरुद्ध आसिया बेगम पुन्हा कोर्टात गेल्या.

यात पैशाचा भाग कुठून आला, हेही सांगायला हवे. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईने १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. तिचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात होता आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर त्याचा मृतदेह सापडला. 'तोही पळून गेला आणि रेल्वेखाली आला', असे पोलिसांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते पत्र याचिका मानले आणि १९९३ मध्ये दीड लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कोठडीत माणूस मेला तर सरकारने भरपाई द्यावी, हा रस्ता त्या निकालाने पक्का केला. पण भरपाई म्हणजे तपास नव्हे. पैसा सरकार देते आणि आरोपी आपल्या जागी राहतो.

दुसरी माता विजयाबाई सूर्यवंशी. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्टेशनजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद होता, दगडफेक आणि जाळपोळ झाली, धरपकड झाली. पकडलेल्यांत वडार समाजातला ३५ वर्षांचा सोमनाथ सूर्यवंशी होता. तो कायद्याचे शिक्षण घेत होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला त्याचा मृत्यू. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत त्याच्या श्वसनाच्या आजाराकडे बोट दाखवले.

पण या वेळी मृतदेह होता. शवविच्छेदन औरंगाबादला सरकारी रुग्णालयात झाले. अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू, असे प्राथमिक मत आले. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली आणि तिच्यात पोलिसांना जबाबदार धरले गेले. तरी गुन्हा नोंदवला गेला नाही. विजयाबाईंनी सरकारची दहा लाखांची मदत नाकारली आणि औरंगाबाद खंडपीठात गेल्या. त्यांच्या बाजूने ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने आठवड्याच्या आत गुन्हा नोंदवा असा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला.

एकाच शहराशी जोडलेल्या या दोन घटनांत बावीस वर्षांचे अंतर आहे. एका आईला गुन्ह्याच्या नोंदीपर्यंत पोहोचायला आठ महिने लागले. दुसरीच्या मुलाचा खटला पंधरा वर्षांनी पहिल्या साक्षीदारापर्यंत आला. हा फरक दोन गोष्टींनी पडला, असे मला वाटते. पहिली म्हणजे मृतदेह आणि त्यावरचा डॉक्टरचा कागद. दुसरी म्हणजे कायदा. २००६ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत १७६(१अ) हे कलम लागू झाले. कोठडीत माणूस मेला किंवा बेपत्ता झाला, तर पोलीस तपासाखेरीज न्यायदंडाधिकाऱ्यांनीही चौकशी केलीच पाहिजे, असे ते सांगते. 'बेपत्ता' हा शब्द वाचताना मला दर वेळी पारनेरची जीप दिसते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम १९६ आहे. पण अहवाल आला म्हणून गुन्हा आपोआप नोंदवला जात नाही, हे विजयाबाईंनी अनुभवले. अहवालापासून गुन्ह्यापर्यंतचे अंतर त्यांना स्वतः चालावे लागले.

आता आपल्या घरातली गोष्ट. दफन लवकर करावे ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. मय्यतीचा सन्मान आपल्याला प्रिय आहे, म्हणून चीरफाडीची भीती वाटते. पण मृत्यूबद्दल मनात जराही शंका असेल, तर 'संशय नाही' या ओळीखाली सही करू नये. मेलेल्या माणसाच्या हक्काचा शेवटचा साक्षीदार त्याचा देहच असतो. सही झाली असेल तरी सगळे संपत नाही. दफन झालेली मय्यत दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने काढून तपासता येते. उशीर जितका होईल, तितके तिच्याकडून कळणारे कमी होत जाते.

अर्जाची पोच घ्यावी. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर गुन्हा नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी अर्ज पाठवावा. तिथेही काही झाले नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जावे. त्यापुढे उच्च न्यायालय आहे.

त्या बाईंचा अर्ज आम्ही दोन संध्याकाळी बसून लिहिला. त्यांना रडत सगळे एकदम सांगायचे होते. मी तारीख, वेळ, शेवटचा फोन, भावाबरोबर कोण होते, एवढेच विचारत गेले. पहिल्या ठिकाणी अर्ज घेतला नाही, म्हणून अधीक्षक कार्यालयाच्या पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवला. पोच आली आहे, तपास अजून नाही. पोस्टाची पावती त्यांनी कुराण शरीफच्या रेहलशेजारी डब्यात जपून ठेवली आहे. परवा त्या पुन्हा आल्या होत्या, दुसरा अर्ज लिहायला.