संशोधक विद्यार्थी आणि मार्गदर्शक : कमला सोहोनी ते आजचे नियम

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाटचालीत मार्गदर्शकाचे स्थान निर्णायक असते. विषयाची निवड, प्रयोगशाळेतील काम आणि प्रबंधाची पूर्तता या गोष्टी त्याच्याशी निगडित असतात. व्यक्तीची मर्जी आणि मार्गदर्शकाची साथ या दोहोंचे महत्त्व बंगळुरूमध्ये यशवंतपूरलगत असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या इतिहासातून स्पष्ट होते.

मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत यांनी १९३३ मध्ये या संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. तत्कालीन संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी आग्रह सोडला नाही. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या आणि मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, गरजेनुसार रात्रीही, काम करण्याच्या अटींवर त्यांना प्रवेश मिळाला.

तेथे त्यांना एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे महिलांना खुली झाली.

पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे संशोधन केले. वनस्पतींच्या पेशींमध्ये 'सायटोक्रोम सी' असल्याचे त्यांनी दाखवून दिले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने परिचित झालेल्या कमलाबाई मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी नीरा आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले.

आज हे नाते नियमांनी बांधलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. संशोधन सल्लागार समितीपुढे विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात प्रगती मांडावी लागते. किमान कालावधी तीन वर्षांचा आहे. प्रसूती व बालसंगोपनासाठी महिलांना २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. विवाहामुळे स्थलांतर करावे लागल्यास विशिष्ट अटींवर त्यांना संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येते.

नियमांमुळे एका व्यक्तीच्या मर्जीला मर्यादा पडते. मात्र विद्यार्थ्याची जिद्द ओळखून त्याला वेळ देणे हे आजही मार्गदर्शकाच्याच हाती असते.